रेडिओवर जुन्या गाण्यांचा एक तास मिळवताना

रविवार, ९ मार्च २०२५. सकाळी सात वाजता माझा रेडिओवरचा पहिला कार्यक्रम झाला. एक तास, साठ-सत्तरच्या दशकातली रॉक, सोल आणि पॉप गाणी, आणि मधे मी. अर्ज भरल्यापासून त्या सकाळपर्यंत साडेपाच महिने गेले. या काळात मला पडलेल्या प्रश्नांची मराठीत कुठे उत्तरं मिळाली नाहीत, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय. अमेरिकेत अशी छोटी स्टेशनं पुष्कळ आहेत आणि त्यांना माणसं हवी असतात. आपल्यापैकी कुणाला करावंसं वाटलं तर निदान काय वाढून ठेवलंय ते आधी कळेल.

आम्ही डेट्रॉईटच्या उत्तरेला एका उपनगरात राहतो. सप्टेंबरमध्ये वाचनालयात लेकीची पुस्तकं परत करायला गेले होते, तिथल्या फळ्यावर कागद लावलेला दिसला: गावच्या रेडिओ स्टेशनला स्वयंसेवक हवेत, अनुभवाची अट नाही. फोटो काढून घरी आले आणि तीन दिवस तो फोटो उघडून बघत राहिले. मी नोकरीत हिशेब तपासते. माईकसमोर शेवटची उभी राहिले होते ती नाशिकला शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत.

पण रेडिओ आमच्या घरातलाच. बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. लहानपणी देवळाली कॅम्पातल्या शेजाऱ्यांमुळे त्यांना इंग्रजी गाण्यांचा नाद लागला. रेडिओ सिलोन लावायचा, आवाज वर-खाली होत राहायचा, आणि बाबा कान लावून बसायचे. पुढे आमच्या घरात सकाळी विविध भारती आणि रात्री ‘आपली आवड’ ठरलेली. बाबांकडे एक वही होती. निवेदक गाण्याच्या आधी किंवा नंतर गायक, गीतकार, संगीतकार अशी तिन्ही नावं सांगायचे, ती बाबा त्या वहीत लिहून ठेवायचे. एखादं नाव निसटलं तर पुढच्या वेळी तेच गाणं लागेपर्यंत ती ओळ मोकळी ठेवायचे.

इथे गाडीत जुन्या गाण्यांची स्टेशनं ऐकायला लागले तेव्हा हीच गोष्ट खटकली. गाण्यामागून गाणं लागतं. नाव सांगितलं तर गायकाचं किंवा गटाचं. लिहिलं कुणी, वाजवलं कुणी, काही नाही. मला करायचं होतं ते एवढंच, की गाणं लावायचं आणि नावं सांगायची.

माहितीसत्र १७ सप्टेंबरला, मंगळवारी संध्याकाळी होतं. स्टेशन म्हणजे एका जुन्या इमारतीच्या तळघरातल्या दोन खोल्या. आम्ही नऊजण होतो. स्टेशन ‘लो पॉवर एफएम’ प्रकारातलं आहे. परवाने देणाऱ्या एफसीसीने हा प्रकार २००० साली सुरू केला. ताकद जास्तीत जास्त १०० वॉट, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटरच्या वर्तुळात नीट ऐकू येईल इतकी. परवाना ना-नफा संस्थांनाच मिळतो आणि जाहिराती चालत नाहीत. आमच्या स्टेशनचं प्रक्षेपण इंटरनेटवरही होतं. ही दुसरी गोष्ट तेव्हा मला किरकोळ वाटली होती, पण पुढचे निम्मे नियम तिच्यामुळेच आले.

त्या दिवशी तीन कागद मिळाले. सभासदत्वाचा अर्ज (वर्षाचे ४५ डॉलर), वागणुकीच्या नियमांवर सही, आणि तिसरा म्हणजे गाणं लावण्यासाठी कुणाकडूनही पैसे किंवा वस्तू घेणार नाही असं लिहून देणारा. तिसरा वाचून मी दचकले. एक वर्षापर्यंत तुरुंगवास किंवा दहा हजार डॉलरपर्यंत दंड, असं त्यात छापलेलं होतं. १९५९ च्या सुमारास इथे रेडिओ निवेदकांनी रेकॉर्ड कंपन्यांकडून पैसे घेऊन गाणी वाजवल्याचं मोठं प्रकरण झालं, त्यातून १९६० साली हा कायदा आला. फुकट सीडी कुणी हातात ठेवली तरी ती स्टेशनकडे द्यायची, असं आम्हाला सांगितलं. कागद बघून घाबरू नका. सगळ्यांना सही करावी लागते.

अर्ज दिला २४ सप्टेंबरला. त्यानंतर कार्यक्रम मागण्याआधी २० तास स्टेशनचं काम करायचं होतं. मी शनिवारी जाऊन सीड्या लावल्या, फुटलेली कव्हरं बदलली, देणगी सप्ताहात फोन घेतले. हे तास वाया गेले असं मला एकदाही वाटलं नाही. कुठली तबकडी कुठे आहे ते मला तेव्हाच कळलं, आणि माणसं ओळखीची झाली. तुमच्या स्टेशनवर अशी अट असेल तर ते तास लवकर संपवा, कारण कार्यक्रम मंजूर करणाऱ्या समितीची बैठक महिन्यातून एकदाच असते. माझे १८ तास झाले होते आणि ऑक्टोबरची बैठक हुकली.

दरम्यान शनिवारी दुपारी प्रशिक्षण सुरू झालं. शिकवणारे गृहस्थ गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, सत्तरीचे, डेट्रॉईटमध्येच वाढलेले. त्यांनी पहिल्या दिवशी संगणकाला हात लावू दिला नाही. बशीएवढी एक छोटी, सात इंची तबकडी हातात दिली. मिनिटाला ४५ फेरे, मधे मोठं भोक, ते भरायला प्लास्टिकची चकती. सुई ठेवायची, हेडफोनमध्ये ऐकत तबकडी बोटाने हळूहळू फिरवायची. खरखर, खरखर, आणि मग अचानक ढोलाचा पहिला ठोका. तिथे थांबायचं. बोट न उचलता पाव वळसा मागे न्यायचं आणि धरून ठेवायचं. आपलं बोलणं संपलं की बोट सोडायचं, त्याच वेळी दुसऱ्या हाताने फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, वर. पाव वळशात तबकडी पूर्ण वेग घेते आणि गाणं बरोबर ठोक्यावर लागतं. मागे कमी घेतलं तर सुरुवात घरंगळल्यासारखी येते. जास्त घेतलं तर दोन सेकंद नुसती शांतता.

मला जमायला तीन शनिवार लागले. हात थरथरायचा तेव्हा ते म्हणायचे, “तबकडी धरू नकोस, तिच्यावर बोट टेकव.” ते कळलं आणि जमलं.

स्टेशनची ओळख सांगण्याचा नियम वाटतो त्याहून कडक निघाला. दर तासाला, तास पालटताना, स्टेशनची अक्षरं (तेच त्याचं अधिकृत नाव) आणि लगेच त्यामागे परवान्यातल्या गावाचं नाव. आमच्यासारख्या स्टेशनला अक्षरांच्या शेवटी ‘एलपी’ (लो पॉवर) म्हणावंच लागतं. मधे फ्रीक्वेन्सी चालते, पण ‘सुप्रभात’ चालत नाही. मी सरावात दर वेळी मधे ‘सुप्रभात’ घालत होते. शेवटी एका कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून ते समोरच्या बोर्डला, म्हणजे फेडर असलेल्या यंत्राला, चिकटवलं. आजही वाचूनच म्हणते.

नियमांची लेखी परीक्षा २५ प्रश्नांची, पास व्हायला २० बरोबर हवेत. पहिल्यांदा माझे १८ आले. सगळे चुकले ते प्रायोजकांच्या उल्लेखात. जाहिरात चालत नाही, पण मदत करणाऱ्या दुकानाचे आभार मानता येतात. दुकानाचं नाव, पत्ता, तिथे काय मिळतं, एवढं म्हणता येतं. ‘गावातला सर्वात चविष्ट पाव’ म्हणता येत नाही, किंमत सांगता येत नाही, ‘नक्की भेट द्या’ तर नाहीच. आपल्या तोंडात ‘अवश्य भेट द्या’ इतकं बसलेलं आहे की तिथेच पाय घसरतो. पंधरा दिवसांनी पुन्हा बसले, २३ आले.

आता मुख्य गोष्ट, कार्यक्रमाचा प्रस्ताव. १३ नोव्हेंबरच्या बैठकीला मी दोन पानं दिली होती. दर आठवड्याला एक गट किंवा एक गायक, पूर्ण तास त्याचाच, पहिला तास सुप्रीम्सचा, म्हणजे साठच्या दशकातल्या डेट्रॉईटच्या गायिकांच्या गटाचा. मला तो प्रस्ताव फार सुंदर वाटत होता. आठ दिवसांनी एका ओळीची ईमेल आली: असा कार्यक्रम आम्हाला लावता येणार नाही, बदलून द्या. कारण लिहिलं नव्हतं. त्या रात्री मी बऱ्यापैकी खचले. आवाजात खोट आहे की उच्चारात, हेच मनात घोळत राहिलं.

कारण वेगळंच होतं, आणि ते मला आमच्या ट्रेनरांनी शनिवारी समजावून सांगितलं. इंटरनेटवर गाणी वाजवण्याचा जो सरसकट परवाना असतो त्याला अटी आहेत. कुठल्याही तीन तासांत एका कलाकाराची चारच गाणी, त्यातली लागोपाठ तीनच. एका अल्बममधली तीनच, लागोपाठ दोनच. म्हणजे तासभर सुप्रीम्स शक्यच नाही. शिवाय कुठलं गाणं केव्हा लागणार हे आधी जाहीर करायचं नाही, आणि तासाभराचा कार्यक्रम नंतर ऐकण्यासाठी साइटवर ठेवायचा नाही. प्रस्ताव लिहिण्याआधी हे विचारून घ्या. माझे दोन महिने तिथे गेले, कारण डिसेंबरात सुट्ट्यांमुळे बैठकच झाली नाही.

त्याच दुपारी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि माझा प्रस्ताव तिच्याभोवती नव्याने लिहिला गेला. अमेरिकेत एफएमवर गाणं वाजलं की पैसे मिळतात ते गीतकार-संगीतकाराला आणि त्यांच्या प्रकाशकाला. गायकाला आणि वादकांना एफएमवरून एक पैसाही मिळत नाही. अरीथा फ्रँकलिन याच डेट्रॉईटमध्ये वाढली, वडिलांच्या चर्चमध्ये गायली. १९६७ साली ‘रिस्पेक्ट’ने तिचं नाव घरोघरी गेलं. ते गाणं ओटिस रेडिंगने लिहून १९६५ साली स्वतः गायलं होतं. म्हणजे अरीथाच्या आवाजातलं ‘रिस्पेक्ट’ एफएमवर कितीही वेळा लागलं तरी पैसे गेले ते लिहिणाऱ्याच्या बाजूला. ज्या आवाजामुळे ते गाणं लावावंसं वाटतं त्या आवाजाला काही नाही.

इंटरनेटवर मात्र गायकाला आणि वादकांना वाटा मिळतो. १५ फेब्रुवारी १९७२ च्या आधीची रेकॉर्डिंग बराच काळ त्यातूनही सुटलेली होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये कायदा बदलला तेव्हा ती आत आली. म्हणजे मी वाजवते ती जवळजवळ सगळी गाणी. म्हणून प्रत्येक गाण्याची नोंद नीट करायची: गाणं, कलाकार, अल्बम, लेबल. आमचं स्टेशन ही यादी पुढे पाठवतं. मी हिशेब तपासणारी बाई, मला या कामाचा कंटाळा येत नाही. आता तर एक स्पेलिंग चुकलं तरी मी परत उघडून दुरुस्त करते, कारण त्या रकान्याच्या दुसऱ्या टोकाला कुणाची तरी म्हातारपणची थोडी मिळकत आहे.

आणि एफएमवर जे ऐकतात त्यांच्यापर्यंत निदान नाव तरी पोहोचावं. नव्या प्रस्तावात मी हेच लिहिलं. १९५९ मध्ये बेरी गॉर्डीने घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन मोटाऊन ही डेट्रॉईटची रेकॉर्ड कंपनी सुरू केली. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका साध्या घरात स्टुडिओ थाटला. तिथल्या गाण्यांमागे वादकांचा एकच ताफा होता, फंक ब्रदर्स. जेम्स जेमरसनची बास गिटार कानात बसली नाही असा माणूस सापडायचा नाही, पण मोटाऊनच्या रेकॉर्डवर त्याचं नाव छापून आलं ते १९७१ मध्ये, मार्व्हिन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर. आपल्याकडे सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस या गोव्याच्या मंडळींनी हिंदी सिनेमाच्या गाण्यांचे वाद्यमेळ बांधले, तबकडीवर नाव संगीतकाराचं. बाबांच्या वहीतही ही नावं नाहीत, कारण ती रेडिओवर कुणी सांगितलीच नाहीत. हे सगळं प्रस्तावात लिहिलं आणि शेवटी एक ओळ: प्रत्येक गाण्यानंतर गायक, लिहिणारा, आणि माहीत असेल तिथे निदान एक वादक.

२०१९ ला आई-बाबा इथे आले होते तेव्हा मोटाऊनचं ते घर बघायला गेलो होतो, आता तिथे संग्रहालय आहे. वरच्या मजल्यावर छताला एक चौकोनी भोक आहे. त्याखाली उभं राहून टाळी वाजवली की आवाज माळ्यावर फिरून घुमत खाली येतो. रेकॉर्डिंगमधला घुमारा ते तिथून आणायचे. बाबा त्या भोकाखाली तीनदा टाळी वाजवून आले. प्रस्ताव लिहिताना तो आवाज माझ्या कानात होता.

८ जानेवारीच्या बैठकीत मंजुरी मिळाली, अट एकच, अर्ध्या तासाचं नमुना रेकॉर्डिंग. ते २५ जानेवारीला केलं आणि नापसंत झालं. या वेळी कारणं लिहून आली होती: फार भरभर बोलता, दोन गाण्यांमधे दोन मिनिटांच्या वर बोलता, आणि एक नाव चुकलंय. टेम्प्टेशन्सचं ‘माय गर्ल’ लिहिलं स्मोकी रॉबिन्सन आणि रोनाल्ड व्हाइट यांनी, आणि त्यातली गिटार वाजवली रॉबर्ट व्हाइटने. मी दोन्हीकडे रॉबर्ट म्हणाले होते. नावं सांगायची म्हणून कार्यक्रम मागितला आणि नावातच चूक केली, याचं फार वाईट वाटलं. तेव्हापासून प्रत्येक गाण्याचं एक कार्ड लिहिते, दोन ठिकाणी पडताळते, आणि पाठांतरावर विसंबत नाही.

बोलण्याचा वेग कमी करायला मला लेकीने मदत केली. ती जेवणाच्या टेबलावर घड्याळ लावून बसायची. “आई, चाळीस सेकंद झाले, गाणं लाव.” उच्चारांची भीती वाटत असेल तर सांगते, समितीने त्याबद्दल एक अक्षरही काढलं नाही. दुसरा नमुना ८ फेब्रुवारीला दिला, २१ तारखेला रविवार सकाळी सात ते आठची वेळ मिळाल्याची ईमेल आली. आधी दोन रविवार दुसऱ्या निवेदकाशेजारी बसून बोर्ड सांभाळायचा होता, तोही झाला.

खर्चाचं सांगायचं तर सभासदत्व ४५ डॉलर, चांगला हेडफोन ६०, जुन्या छोट्या तबकड्या लोकांच्या गराज सेलमधून एकेक डॉलरला घेतल्या त्या साधारण ४०. उरलेली गाणी स्टेशनच्या आणि वाचनालयाच्या कपाटातली. घरी माईक विकत घेऊ नका, काही गरज पडत नाही.

८ मार्चच्या रात्री झोप लागली नाही. साडेपाचला उठून निघाले, रस्त्यावर बर्फ नव्हता हे नशीब. सोळा गाण्यांची यादी, दोन जास्तीची, सोळा कार्डं. पहिलं गाणं मार्था अँड द व्हँडेलाजचं ‘डान्सिंग इन द स्ट्रीट’, १९६४ चं. सात वाजता चिकटवलेलं कार्ड वाचलं, बोट सोडलं, फेडर वर. पहिलं निवेदन करताना तोंडाला कोरड पडली होती. मार्व्हिन गे, मिकी स्टीव्हन्सन आणि आयव्ही जो हंटर ही लिहिणाऱ्यांची तीन नावं म्हणून झाली आणि मग श्वास जागेवर आला. चौथ्या गाण्याला चुकीचा फेडर उघडला, चार-पाच सेकंद काहीच ऐकू गेलं नाही. तेव्हा ते चार तासांसारखे वाटले. ट्रेनर काचेपलीकडे उभे होते, त्यांनी फक्त हात खाली-खाली केला, सावकाश.

आठ वाजता बाहेर आले आणि बाबांना फोन लावला. ते म्हणाले, “अगं, अजून सुरू कुठे झालाय? साडेपाचला ना?”

तेव्हा लक्षात आलं. त्याच पहाटे इथली घड्याळं एक तास पुढे गेली होती. हिवाळ्यात आमचे सकाळचे सात म्हणजे नाशिकचे संध्याकाळचे साडेपाच, पण त्या दिवसापासून साडेचार. माझं घड्याळ आपोआप बदललं आणि बाबांना सांगायचं राहिलं. कार्यक्रम साइटवर ठेवता येत नाही, त्यामुळे तो गेला तो गेलाच. बाबा म्हणाले, “असू दे, पुढच्या रविवारी.” फोन ठेवल्यावर मी गाडीत बराच वेळ बसून होते. भारतातलं कुणी ऐकणार असेल तर मार्चमधला दुसरा रविवार आणि नोव्हेंबरमधला पहिला रविवार आत्ताच लिहून ठेवा.

१६ मार्चला बाबा सव्वाचारपासून फोन चार्जरला लावून बसले होते, असं आईने सांगितलं. त्यांनी आदल्या दिवशी कुठलं गाणं लावणार विचारलं तेव्हा, आधी सांगायचं नसतं म्हणून मी विषय टाळला होता. तिसरं गाणं ‘माय गर्ल’ लावलं. आधी नुसती बास, मग गिटार, मग आवाज. गाणं संपल्यावर कार्डावरून वाचलं: लिहिलं स्मोकी रॉबिन्सन आणि रोनाल्ड व्हाइट यांनी, गिटार रॉबर्ट व्हाइट, बास जेम्स जेमरसन.

घरी पोहोचेपर्यंत आईच्या फोनवरून एक फोटो आला होता. रेघांची नवी वही, बाबांचं तिरकं अक्षर, देवनागरीत सोळा गाणी आणि त्यांच्यापुढे नावं. तिसऱ्या ओळीत ‘बास: जेम्स’ आणि पुढे मोकळी जागा. मी लगेच फोन करून आडनाव सांगायला लागले, तर त्यांनी मधेच थांबवलं.

“आत्ता नको. रेडिओवरच सांग.”